दुकानाचं क्रेडिट कार्ड घ्यावं का? आधी फरकाचं गणित मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्या दुकानातून तुम्ही घरातलं बरंचसं सामान घेता, त्या दुकानाने एका बँकेबरोबर मिळून क्रेडिट कार्ड काढलंय. काउंटरवर सांगितलं की आत्ता फॉर्म भरला तर आजच्याच बिलावर सूट, पुढे दर खरेदीवर ५ टक्के परत, पहिल्या वर्षी फी माफ. तुमच्याकडे एक साधं कार्ड आधीपासून आहे ज्यावर कुठेही खर्च केला तरी दीड टक्का मिळतो. मग हे नवीन घ्यावं का नको?

मी कार्डांच्या कामात चौदा वर्षं आहे आणि त्यातली बरीच वर्षं अशाच को-ब्रँडेड कार्डांची रिवॉर्डची गणितं मांडण्यात गेली. म्हणजे किती टक्के द्यायचे, मर्यादा कुठे लावायची, कुठल्या वस्तू वगळायच्या, हे ठरवताना मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली असायचे. म्हणून सरळ सांगते. ज्यांचा त्या एकाच दुकानातला खर्च खरंच मोठा आहे, वर्षभर सारखा आहे, आणि जे दर महिन्याचं बिल पूर्ण भरतात त्यांनी जरूर घ्यावं, चांगले पैसे वाचतात. बाकीच्यांना असून नसून सारखं. आणि जे फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, भरून बाकीचं पुढे ढकलतात त्यांनी या कार्डाला हात लावू नये, कितीही सूट दाखवली तरी.

आता "खरंच मोठा खर्च" म्हणजे किती, सगळी मेख तिथे आहे.

पहिली गोष्ट, ५ टक्के हा आकडा डोक्यातून काढा. तुमच्याकडे दीड टक्क्याचं कार्ड आहेच, म्हणजे नवीन कार्ड तुम्हाला जास्तीचे देतंय ते फक्त साडेतीन टक्के. हे इतकं साधं आहे पण फॉर्म भरताना जवळपास कुणीच हे करत नाही, सगळे ५ ने गुणतात. फी समजा वर्षाला ६०० आहे, तर नुसती फी वसूल व्हायला साडेतीन टक्क्याने साधारण १७,१५० ची खरेदी लागते, आणि तिथे तुम्ही शून्यावर येता, फायदा त्यानंतर सुरू.

कागदावर हे सोपं वाटतं, महिन्याला दीड हजाराच्या आतबाहेर, एवढी खरेदी तर होतेच. मग घोळ कुठे होतो ते एका खऱ्या हिशोबावरून सांगते. माझी मावसबहीण एकदा वर्षाची बिलं घेऊन आली, आम्ही दोघी जमिनीवर बसून एकेक बिल तिमाहीप्रमाणे वेगळं करत होतो. आकडे मी सोपे करून देते. वर्षाची त्या दुकानातली खरेदी ६०,०००. ५ टक्क्याने ३,००० मिळायला हवेत असं ती धरून चालली होती. आम्ही अटी वाचल्या तर गिफ्ट व्हाउचर, हप्त्यावर घेतलेल्या वस्तू आणि दुकानाच्या वेबसाईटवर दुसरे विक्रेते जे विकतात ते सगळं वगळलेलं. तिच्या बिलातले असे १२,००० निघाले. राहिले ४८,०००. त्यात हे ५ टक्के पॉइंटमध्ये (एक पॉइंट एक रुपया धरा), आणि तिमाहीला जास्तीत जास्त ५०० पॉइंट अशी मर्यादा, आणि खरेदी काही सारखी होत नाही, तिची पहिल्या तीन तिमाहीत ६,०००, ८,००० आणि ९,००० आणि शेवटच्या तिमाहीत वॉशिंग मशीन घेतलं म्हणून २५,०००. मग मिळाले किती, ३००, ४००, ४५० आणि चौथ्या वेळी १,२५० च्या जागी मर्यादेमुळे ५००. एकूण १,६५०.

जुन्या दीड टक्क्याच्या कार्डावर हेच ६०,००० खर्च केले असते तर ९०० मिळालेच असते. फरक ७५०. त्यातून फी ६००. हातात उरले १५०. वर्षाला!

हा, आता कुणी म्हणेल की वगळलेल्या वस्तूंना जुनं कार्ड वापरायचं आणि मर्यादा संपली की पण जुनंच काढायचं. बरोबर आहे, तसं केलं तर १२,००० आणि मर्यादेबाहेरचे १५,००० अशा २७,००० वर दीड टक्का म्हणजे ४०५ आणखी मिळतात, मग फी जाऊन १५० चे ५५५ होतात. पण त्यासाठी दर वेळी काउंटरवर आठवावं लागतं की या तिमाहीत किती झालं, ही वस्तू वगळलेल्यात येते का, आणि माझ्या पाहण्यातली फार थोडी माणसं हे वर्षभर नीट करतात. जी करतात त्यांना मी आनंदाने सांगते, घ्या कार्ड.

म्हणून हिशोब करताना मागच्या १२ महिन्यांची बिलं घ्या, पुढच्या वर्षी किती खरेदी होईल असा अंदाज घेऊ नका. अंदाज नेहमी फुगतो, त्यातून कार्ड घ्यायचं मनात आलं की जास्तच फुगतो. बिलं नसतील तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या दुकानाचं नाव शोधा, बेरीज करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं, परत मिळणार ते कशात मिळणार. खात्यात किंवा बिलात थेट वजा होणारा कॅशबॅक म्हणजे पैसे. पॉइंट म्हणजे पैसे नाहीत, पॉइंट हे त्या दुकानाचं चलन आहे आणि त्याचा भाव दुकान ठरवतं, उद्या बदलूही शकतं. त्याच बहिणीच्या अ‍ॅपमध्ये जुने धरून बरेच पॉइंट दिसत होते, ती खुशीत होती, आणि काउंटरवर गेल्यावर कळलं की ५०० च्या पटीतच वापरता येतात, आणि बिलाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम पॉइंटमधून भरता येत नाही, आणि ज्या वस्तूवर आधीच सूट आहे तिथे चालतच नाहीत. म्हणजे पॉइंट वापरायचे तर आधी मोठं बिल करा. ती रिकाम्या हाताने परत आली आणि दोन महिन्यांनी त्यातले काही पॉइंट मुदत संपून गेले.

हे काही चुकून होत नाही हो, मुदत संपणं हे गणितातच धरलेलं असतं. ग्राहकांनी न वापरलेल्या पॉइंटला आमच्याकडे ब्रेकेज म्हणतात. २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमात तर स्पष्ट आहे की दिलेले पॉइंट हे कंपनीवरचं देणं म्हणून दाखवायचं आणि त्यातले किती कधीच वापरले जाणार नाहीत याचा अंदाज बांधून तो धरायचा. मी अशा मीटिंगमध्ये बसलेय जिथे मुदत २४ महिन्यांवरून १२ वर आणली तर ब्रेकेज किती वाढेल याची ओळ स्क्रीनवर होती, आणि ती एक ओळ बदलली की कार्ड एकदम फायद्यात जात होतं. त्या ओळीत कुणाची तरी मावसबहीण असते हे मला नंतर नंतर फार टोचायला लागलं.

त्यामुळे माझा नियम असा आहे की पॉइंट असतील तर त्यांची किंमत छापलेल्यापेक्षा तीस टक्के कमी धरायची आणि मग वरचा हिशोब करायचा. तरी फायदा दिसला तर खरा फायदा आहे. नव्या कार्डाबरोबर "तुमच्या खात्यात आधीच इतके पॉइंट जमा" असं येतं ना, त्याच्याकडेही जरा सावध बघा. २००६ साली नुनेस आणि ड्रेझ या दोन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता, गाडी धुण्याच्या ठिकाणचा. काही लोकांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना १० शिक्क्यांचं पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही फुकट धुलाईसाठी ८ वेळाच यायचं होतं. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, शिक्के मारलेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालीय असं वाटलं की माणूस ओढला जातो.

मोठ्या टक्क्याच्या मागे मर्यादा असणं हे जुनंच आहे. जनरल मोटर्सने १९९२ मध्ये अमेरिकेत कार्ड काढलं त्यावर खर्चाच्या ५ टक्के जमा व्हायचे, पण ते फक्त त्यांचीच नवी गाडी घेताना वापरायचे आणि वर्षाला किती जमा होणार याला मर्यादा. ज्याला तीच गाडी घ्यायची होती त्याच्यासाठी उत्तम कार्ड. बाकीच्यांसाठी तो एक आकडा होता.

आता हे पैसे येतात कुठून हे थोडं समजून घ्या, म्हणजे अटी अशा का असतात ते लक्षात येईल. तुम्ही कुठेही कार्ड वापरलं की दुकानदार त्या रकमेतला एक भाग फी म्हणून देतो, त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. अशा कार्डावर बाहेरच्या दुकानात मिळणारा अर्धा किंवा एक टक्का सहसा त्यातून येतो. त्यामुळेच युरोपियन युनियनने २०१५ च्या नियमाने क्रेडिट कार्डावरचं इंटरचेंज ०.३ टक्क्यावर बांधून टाकलं तेव्हा बँकांकडे रिवॉर्डसाठी फारसं काही उरलं नाही. पण त्याच दुकानात मिळणारे ५ टक्के मात्र बहुतेक करारांमध्ये दुकान स्वतःच्या नफ्यातून घालतं, आणि ते घालतं कारण तुम्ही दुसरीकडे जाऊ नये. शिवाय बँक दुकानाला प्रत्येक नव्या कार्डामागे पैसे देते. काउंटरवरच्या मुलीला दिवसाला इतके फॉर्म असं टार्गेट असतं ते त्यामुळे, तिच्यावर चिडू नका, पण तिला अटी माहीत असतील अशी अपेक्षाही ठेवू नका.

आणि दुकानाला तुमच्याकडून हवंय ते हेच, की दुसरीकडे भाव बघणं तुम्ही सोडून द्यावं. माझ्या मते या कार्डाची सगळ्यात मोठी किंमत ही आहे आणि ती कुठल्याच स्टेटमेंटवर येत नाही. शेजारच्या दुकानात तीच वस्तू ८ टक्क्यांनी स्वस्त असेल आणि तुम्ही ५ टक्क्यांसाठी इथे घेतली तर तुम्ही कमावलं नाही, ३ टक्के घालवले. कार्ड खिशात आलं की पाय आपोआप तिकडे वळतात. भाव बघायची सवय तुम्हाला असेल आणि ती कार्ड आल्यावरही टिकणार असेल तर ठीक.

कार्डाने खर्च वाढतो का, याबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात की आम्ही तर हिशोबी आहोत. एमआयटीतले प्रेलेक आणि सिमेस्टर यांचा २००१ चा अभ्यास आहे, त्यात एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या, मिळायला अवघड अशा तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली, काहींना सांगितलं रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं कार्डाने द्या. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. ती मुलं काही हिशोबात कच्ची नव्हती.

व्याजाचं मात्र नीट बसून वाचा, इथे माणसं खरोखर बुडतात. दुकानाच्या कार्डांवर व्याजदर साध्या कार्डांपेक्षा बऱ्याचदा चढाच असतो, पण दरापेक्षा घातक आहे ती मोजायची पद्धत. अनेक ठिकाणी असं असतं की बिल पूर्ण भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. थोडी जरी रक्कम राहिली तरी ती मुदत रद्द होते आणि व्याज राहिलेल्या रकमेवर नाही तर संपूर्ण खरेदीवर, खरेदीच्या तारखेपासून लागतं. समजा चौथ्या तिमाहीतली ती २५,००० ची खरेदी एकाच बिलात आली, तुम्ही २०,००० भरले, ५,००० पुढच्या महिन्यात देऊ म्हणालात. दर महिन्याला ३ टक्के आणि खरेदीपासून भरणा होईपर्यंत ३५ दिवस, तर २५,००० वर व्याज झालं ८७५. वर्षभर दोन कार्डं सांभाळून मिळवलेले ५५५ गेले आणि वर ३२० खिशातून. राहिलेल्या ५,००० वरचं पुढचं व्याज वेगळं, आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज ते आणखी वेगळं. हे एका महिन्याचं झालं. म्हणून मी म्हणते की गेल्या वर्षभरात एकदाही बिल अर्धवट भरलं असेल तर हे कार्ड तुमच्यासाठी नाही. यात कमीपणाचं काही नाही, महिना कधी कधी जमत नाही, पण मग रिवॉर्डच्या मागे लागू नका, कमी व्याजाचं कार्ड बघा.

"शून्य टक्के हप्ते" दोन तऱ्हेचे असतात. एकात खरंच व्याज नसतं, मात्र रोख घेतली तर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही का हे विचारून घ्या, कारण मग व्याज किमतीतच गेलंय. दुसऱ्यात व्याज पुढे ढकललेलं असतं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पै न पै फिटली तर व्याज नाही, पण शेवटी थोडेसे जरी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम बसतं. अमेरिकेत दुकानांच्या कार्डांवर हा प्रकार फार चालतो. दोन्हींचं जाहिरातीतलं वाक्य जवळपास सारखंच दिसतं, त्यामुळे एकच प्रश्न विचारा, शेवटचा हप्ता चुकला तर व्याज कधीपासूनचं लागेल?

अजून काही बारीकसारीक. कार्डावर व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशा पेमेंट नेटवर्कचं चिन्ह आहे का ते बघा, नसेल तर ते फक्त त्या दुकानातच चालणारं कार्ड आहे, त्याचा उपयोग फारच थोडा, आणि काही ठिकाणी अर्ज एकाचा करता आणि मंजूर दुसरं होतं. वस्तू परत केली की तिच्यावरचे पॉइंटही परत जातात, खर्च करून टाकले असतील तर खातं उणे होतं, आणि कपडे मागवून अर्धे परत करायची सवय असेल तर तुमचा खरा टक्का बराच खाली येतो. परदेशात किंवा परकीय वेबसाईटवर हे कार्ड वापरत असाल तर चलन बदलायची फी बघा, ती अनेकदा सगळा रिवॉर्ड खाऊन टाकते.

आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत घराचं किंवा गाडीचं कर्ज काढणार असाल तर आत्ता थांबा. नव्या अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या तुमच्या उधारीच्या नोंदीवर, दिसते, आणि दुकानाच्या कार्डांना लिमिट बऱ्याचदा कमी मिळतं त्यामुळे एका मोठ्या खरेदीतच लिमिटचा मोठा भाग वापरलेला दिसतो, आणि या दोन्हींमुळे कर्ज महाग पडू शकतं. मोठ्या कर्जाच्या व्याजात पाव टक्क्याचा फरक पडला तर त्यापुढे ही ५ टक्क्यांची कॅशबॅक काहीच नाही.

को-ब्रँडेड कार्ड म्हणजे दोन कंपन्यांचा करार आणि करार संपतात हेही धरून चाला. अमेरिकेत कॉस्टकोचं कार्ड वर्षानुवर्षं अमेरिकन एक्सप्रेसचं होतं, जून २०१६ मध्ये ते सिटी आणि व्हिसाकडे गेलं, आणि तोवरच्या सगळ्या कार्डधारकांची बँकच बदलली. तिथल्या लोकांना बदल बरा पडला असेल नसेल, पण अशा वेळी जुने पॉइंट, ऑटो-पे (खात्यातून बिल आपोआप भरलं जायची सोय), रिवॉर्डचे दर सगळं हलतं. म्हणून पॉइंट साठवून ठेवू नका, मिळाले की वापरा.

तर तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगते. पहिल्या वर्षी फी नाही, काउंटरवरची सूट आहे, म्हणजे पूर्ण बिल भरणाऱ्याचं पहिल्या वर्षी नुकसान नाही. तरीही त्या दिवशी काउंटरवर फॉर्म भरू नका. मागे रांग असते, अटी वाचून होत नाहीत, आणि ही सूट सहसा परत परत येते. अटींचा कागद घरी आणा आणि त्यात चार गोष्टींवर पेन्सिलने खूण करा, वगळलेल्या वस्तू, मर्यादा, पॉइंटची मुदत आणि दुसऱ्या वर्षीची फी. मग मागच्या वर्षीच्या बेरजेवर हिशोब करा. फी जाऊन वर्षाला निदान दीड-दोन हजार सुटत असतील, म्हणजे फीच्या अडीच-तीन पट, तर घ्या, ऑटो-पे पूर्ण रकमेवर लावा, मिनिमम ड्यूवर नाही, कारण काही ठिकाणी फॉर्ममध्ये मिनिममवरच आधी टिक केलेली असते. दोन-तीनशेच सुटत असतील तर मी नाही घेणार. एक जास्तीचं बिल, एक जास्तीची तारीख, एक जास्तीचा पासवर्ड, एवढ्याला ते पुरत नाही.

घेतलंच तर अकराव्या महिन्यात मोबाईलमध्ये एक रिमाइंडर लावून ठेवा, दुसऱ्या वर्षीची फी कापायच्या आधीचा. त्या दिवशी परत तीच बेरीज करा, या वेळी अंदाज नको, वर्षभराचे खरे आकडे असतील. फी निघत नसेल तर बँकेला फोन करून फी माफ होते का विचारा, बऱ्याचदा होते. नाही झाली तर आधी सगळे पॉइंट वापरून टाका, त्या कार्डावर लावलेली सबस्क्रिप्शन दुसरीकडे हलवा, मगच कार्ड बंद करायला सांगा आणि बंद झाल्याचं लेखी मागून घ्या. त्यानंतर एक महिना थांबून आणखी एक स्टेटमेंट बघा, कारण पूर्वी कधी थकबाकी राहिली असेल तर मधल्या दिवसांचं थोडं व्याज नंतर लागतं, आणि बंद झालं म्हणून कुणी बघत नाही आणि तेवढ्याच रकमेवर लेट फी चढत जाते.